भूतकाळाची लाकडी चकती

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी चकती आहे आणि हे आत्मवृत्त मी वैतागून सांगते आहे. गोड आवाजात आपलं आयुष्य सांगणाऱ्या छत्र्या आणि खुर्च्या तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. त्यांना जमत असेल. माझं सगळं आयुष्य माणसांना एक साधी गोष्ट शिकवण्यात गेलं आणि माणसांनी ते वाया घालवण्याची एकही संधी सोडली नाही. त्यामुळे माझा आवाज जरा चढलेलाच राहणार, तेवढं सांभाळून घ्या.

खरं तर मी एक नाही, दोन आहे. खाली परातीएवढी मोठी चकती, तिच्यावर ताटलीएवढी लहान, आणि दोघींच्या मधून गेलेला एकच बोल्ट. लहान चकतीवर इंग्रजीतली सर्वनामं रंगवली आहेत: आय, वी, यू, ही, शी, इट, दे. मोठीच्या कडेने भूतकाळाची क्रियापदं आहेत: वेंट, केम, सॉ, एट, ब्रोक, टुक, सेड, फेल, फरगॉट आणि आणखी काही. मागच्या फळीवरून दोघींवर झुकलेला एक बाण आहे. दोन्ही चकत्या फिरवायच्या, बाणाखाली जे दोन शब्द थांबतील ते जोडायचे आणि उरलेलं वाक्य आपल्या मनाने पुरं करायचं. एवढंच. आणि इंग्रजीतला 'ही' म्हणजे आपला 'तो', हे आत्ताच लक्षात ठेवा. याच 'ही'पायी माझा पुढे अतोनात छळ झाला.

मला एका सुताराने बनवलं. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी त्याला काम समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, कुठलाही शब्द कुठल्याही शब्दाखाली आला तर वाक्य चुकणार नाही का?"

"नाही चुकणार," बाई म्हणाल्या. "हीच तर गंमत आहे."

मराठीत तुमचे काय कमी नखरे असतात? तो गेला, ती गेली, ते गेले. मी पेरू खाल्ला, मी केळं खाल्लं, मी चिंच खाल्ली. खाणारी मी, आणि क्रियापद बघतंय फळाच्या तोंडाकडे. इंग्रजीत भूतकाळ झाला की संपलं. मी गेले तरी वेंट, तो गेला तरी वेंट, सगळी गल्ली उठून गेली तरी वेंट. फक्त 'वॉज' आणि 'वर' या जोडीने तेवढा घोळ घातला. म्हणून सुताराने वी, यू, दे आणि वर हे चार शब्द लाल रंगवले आणि बाकी सगळं निळं ठेवलं. वॉज किंवा वर आला तर लालला लाल जोडा, निळ्याला निळा. याहून सोपं काय करणार होता तो बिचारा?

तरी माणसं चुकतात. "आय डिड वेंट." अरे, वेंट म्हटल्यावर तू गेलास, पोचलास, विषय संपला, हा डिड मध्येच कशाला कडमडतो? "शी वेंटेड." कपाळाला हात लावावा तर मला हात नाही. मी नुसती भिंतीवर लटकून ऐकत असते.

सुरुवातीची वर्षं मी शाळेत काढली. बाई तेव्हा तरुण होत्या आणि मुलं बेरकी होती. बाण कुठेही थांबो, मुलं एकच वाक्य ठोकून द्यायची: आय वेंट टू मार्केट, शी केम टू मार्केट, दे फेल इन मार्केट. आठवडाभर सगळी दुनिया बाजारात पडत-उठत राहिली. मग बाईंनी नियम केला, की या चकतीवर फक्त खरं बोलायचं. जे घडलं तेच. घडलं नसेल तर गप्प बसायचं आणि पुढच्याला फिरवू द्यायचं.

त्या नियमाने वर्गाचं रूपच पालटलं. एकदा बाण 'वी' आणि 'एट'वर थांबला आणि पहिल्या बाकावरच्या मुलाने मुख्याध्यापकांच्या डब्याचं काय झालं ते सगळ्यांदेखत सांगून टाकलं. त्याला मार्कही मिळाले आणि शिक्षाही. बाहेरून पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यासमोर आणून उभं करायचे. ते मला फिरवायचे, मान डोलवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. तेवढ्यानेही मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

पुढे वर्गात मोठा पडदा आला. पडद्यावर रंगीत अस्वलं नाचून इंग्रजी शिकवू लागली आणि मला भिंतीवरून उतरवलं. आधी कपाटावर, मग कपाटामागे, मग पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून. मित्रांनो, ज्या अंगावर सगळ्या जगाचा भूतकाळ लिहिला आहे, त्या अंगावर लोकांनी ओले पेले उपडे घातले. त्यांचे गोल डाग अजून आहेत. निवृत्तीच्या दिवशी शाळेने बाईंना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. बाईंनी घड्याळ तिथेच ठेवलं, पिंपावरून मला उचललं आणि पदराने पुसत घरी नेलं.

बाईंना स्वस्थ बसवत नव्हतं. त्यांनी मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला. जागा मिळाली ती लाँड्रीच्या वरची. खाली दिवसभर कपडे उकळायचे आणि इस्त्र्या फुसफुसायच्या, ती सगळी वाफ जमिनीतून वर यायची आणि मी फुगायचे. कुरकुरल्याशिवाय मला फिरताच येईना. आणि येणारी माणसं तर मुलांपेक्षा वरचढ. शिवणवाल्या मावशींच्या बोटांना खडूची पूड, कुरियरवाल्याच्या हाताला चिकटपट्टीचा डिंक. जो तो माझ्या अंगावर काहीतरी ठेवून जायचा. अशात एक दिवस नळवाले काका आले.

काका म्हणजे प्लंबर. वय साठीच्या पुढचं, खांद्याला पान्यांची पिशवी, बोलणं मोजकं. बाईंना म्हणाले, "नात येणार आहे सुट्टीत. तिला मराठी येत नाही. तिच्याशी बोलण्यापुरतं शिकवा." एवढंच म्हणाले. त्यामागची गोष्ट मला फार उशिरा कळली, पण तुम्हाला मी आत्ताच सांगते, कारण माणसांना ताटकळत ठेवणं मला आवडत नाही.

काकांचा एकुलता एक मुलगा दूरदेशी होता. तिकडेच लग्न केलं, तिकडेच मुलगी झाली आणि गेल्या वर्षी आजारपणात तिकडेच वारला. सून तिकडची, नात तिकडची. फोनवर नात काहीबाही बोलायची आणि काका प्रत्येक गोष्टीला हसून "येस, येस" म्हणायचे. मुलगा गेल्यानंतर एकदा नातीने फोनवर काहीतरी विचारलं. काका सवयीप्रमाणे हसले आणि म्हणाले, "येस, येस." पलीकडे लगेच फोन सुनेच्या हातात गेला. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, ती विचारत होती की तुम्ही तिच्या बाबांवर रागावला होतात का."

आता ती पोरगी येणार होती आणि आपला आजोबा बाबांवर राग धरून हसतो, एवढंच तिला त्याच्याबद्दल वाटत असणार. ते धुऊन काढण्याइतकं इंग्रजी काकांना हवं होतं.

शिष्य म्हणून काकांनी माझ्या नाकी नऊ आणले. तसे ते हुशार होते, पण खरं बोलायच्या नियमामुळे त्यांची सगळी वाक्यं कामावरची. "आय वेंट टू डॉक्टरबाईज बाथरूम." वर्ग फिदीफिदी हसायचा. "आय सॉ द पाइप. इट ब्रोक." इथपर्यंत ठीक. "शी सेड, यू केम लेट." तेही खरं असणार. पण बाण 'ही'वर आला की काकांचं गाडं अडायचं. ते खोकायचे, रुमाल शोधायचे किंवा "पुढच्याला द्या" म्हणून खाली बसायचे. एकदा 'ही वेंट' आलं. तीन वर्षांचं पोर सांगेल असं वाक्य. काका उभे राहिले, माझ्याकडे बघत राहिले आणि पिशवी उचलून घरी गेले. मी वैतागले. मला वाटलं, डोक्यात शिरत नाही या माणसाच्या, आणि आपलं खापर फोडतोय माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी काका लवकर आले. "ही चकती फार कुरकुरते, बाई. मी बघतो," म्हणाले. बाई खूश. काकांनी बोल्ट सोडवला, माझं फुगलेलं लाकूड कानशीने घासलं, तेल दिलं. अहाहा, किती वर्षांनी कोणी माझ्याकडे लक्ष दिलं होतं. मी मनातल्या मनात त्यांच्याबद्दलचे सगळे वाईट विचार मागे घेतले. आणि मग या गृहस्थाने खिशातून नळाचा जुना रबरी वॉशर काढला, ब्लेडने त्याचे दोन तुकडे केले, एक 'ही'च्या कडेला चिकटवला आणि एक बाणाच्या आतल्या अंगाला.

अहो, नळ गळला की वॉशर घालायचा, हे ठीक आहे. पण माणूस आतून गळायला लागला म्हणून वॉशर चकतीत घालायचा? हा उपाय जगातल्या दुसऱ्या कोणाला सुचला नसता. त्या दिवसापासून रबर रबराला अडायचं. हळू फिरवलं तर मी एक घर आधीच 'यू'वर थांबायचे, जोरात फिरवलं तर धक्का खाऊन पलीकडे 'शी'वर जायचे. 'ही'वर मला उभं राहता येईना. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे आहे? माझ्या कुरकुरण्यातून निदान काही कळलं असतं, तर तेही त्यांनी तेल घालून बंद केलं होतं.

सगळा वर्ग त्या रबराचा दंड भरत होता. कोणाच्या साहेबाबद्दल, नवऱ्याबद्दल, भावाबद्दल एक वाक्य निघेना. शेवटी शिवणवाल्या मावशींचा बांध फुटला.

"बाई, मला तो 'ही' का येत नाही हो? किती दिवस मी वाट बघतेय."

"येईल. नशिबाचा भाग असतो तो," बाई म्हणाल्या.

"नशीब कसलं डोंबलाचं. मला माझ्या दिराबद्दल बोलायचंय. माझी शिलाई मशीन न विचारता उचलून नेली त्याने. 'ही टुक' एवढं आलं की माझं इंग्रजी झालं शिकून."

कुरियरवाला म्हणाला, "मग 'दे टुक' आलं होतं परवा, तेव्हा बोलायचं ना."

"दोघंतिघं कुठे होते? एकटाच आला होता मेला. खोटं कसं बोलू?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. बाई मात्र उठून माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी बोटाने लहान चकती हळूच ढकलत नेली. 'यू'पाशी त्यांचं बोट अडलं. त्यांनी पुन्हा ढकललं, पुन्हा अडलं. इतकी वर्षं हाताळलेली चकती. त्यांना काय ते समजलं. चकती बोटाने धरून त्यांनी मावशींना 'ही टुक' लावून दिलं आणि मावशींनी दिराचा असा काही उद्धार केला की त्यातली निम्मी वाक्यं मराठीत होती.

वर्ग सुटल्यावर बाईंनी काकांना थांबवून घेतलं. बोल्ट सोडवून दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"हे तुमचंच काम ना?"

"हो."

"का, पण? चांगली चालू चकती."

काकांनी एक तुकडा बोटाने सरकवला. मग म्हणाले, "बाई, तो 'ही' आला की पुढे काही येऊ दे, माझा मुलगाच उभा राहतो. आणि तुमचा नियम असा, की खरंच बोलायचं."

"मग बोला ना खरं. कोणी अडवलंय?"

"काय बोलू? लहानपणापासून हाताखाली घेतला त्याला. चांगला तयार झाला. आणि एक दिवस म्हणाला, मी लोकांच्या मोऱ्यांत हात घालणार नाही, बाहेर जाऊन शिकणार. मी म्हणालो, मग जा, आणि मला तोंड दाखवू नको. तो गेला. लाज वाटायची त्याला माझ्या धंद्याची, आणखी काय?"

"फोन करत नव्हता?"

"करायचा. आईशी बोलायचा. मी समोर बसून पेपर वाचायचो." काकांनी पिशवीचा पट्टा पिरगळला. "नातीशी बोलायचो, पण त्याच्याशी बोलायला एकदाही फोन हातात घेतला नाही मी, बाई. मला वाटायचं, येईल तेव्हा बोलू."

बाईंना राग आला होता. मला त्यांचा राग ओळखता येतो. त्या खडूचे तुकडे डबीत टाकू लागतात. "आणि नात?" त्यांनी विचारलं.

"आलीय परवाच. आता रविवारी विचारेल, सोमवारी विचारेल, कधीतरी विचारणारच. मी उत्तर पाठ केलंय कुरियरवाल्याकडून. नो, आय वॉज नॉट अँग्री."

"खोटं आहे ते."

"पोर खूश होईल."

"तुम्ही रबर चिकटवण्यात पटाईत आहात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला भिंतीवरून काढून काकांच्या हातात दिलं. "घेऊन जा घरी. तिच्याबरोबर फिरवा. माझा नियम मात्र तिलाही सांगायचा." काका नको नको म्हणत होते, पण बाईंनी दिवा मालवला तेव्हा त्यांना निघावंच लागलं.

अशी मी पान्यांच्या पिशवीत, एका गंजलेल्या तोटीला खेटून, काकांच्या घरी पोचले. माझा मान तो किती, ते बघा.

रविवारची दुपार होती. स्वयंपाकघरात जेवणाची भांडी नुकतीच आवरली होती. सून खिडकीशी खुर्चीवर बसून लेकीच्या फ्रॉकचं बटण लावत होती. काकूंनी नातीला पुढ्यात घेतलं होतं. काकूंना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि त्यांचं काडीचंही अडत नव्हतं. "अगं, हलू नकोस, भांग वाकडा होतोय," असं त्या म्हणायच्या आणि ती पोरगी "ओके" म्हणून हलायची. काका दाराशी उभे राहून हे बघायचे आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवायचे. चार दिवस त्यांनी तिच्याशी एवढंच केलं होतं.

मला बघून पोरगी उठलीच. तिला वाचता येत होतं. तिने माझ्या दोन्ही चकत्या एकदम गरगर फिरवल्या, इतक्या जोरात की माझे पेल्यांचे डाग एकात एक मिसळले. काकांनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य बोलले, "ओन्ली ट्रू."

"ओन्ली ट्रू," ती म्हणाली. तिला नियम लगेच पटला. मोठ्यांना पटायला वर्षं लागतात.

खेळ सुरू झाला. 'शी एट'वर तिने आईने विमानात काय काय खाल्लं ते सांगितलं आणि सून लाजली. 'इट फेल'वर काकांनी कालच्या बादलीचं वाक्य केलं, चक्क बरोबर. 'वी सॉ'वर तिने एक कुत्रा सांगितला. काका हसू लागले होते. मला वाटलं, चला, निभावलं.

मग पोरीने फिरवणं थांबवलं. तिने बोटाने 'यू' धरून बाणाखाली आणला आणि दुसऱ्या हाताने 'वर' ओढून त्याच्याशी जुळवला. लालला लाल. ही शुद्ध फसवणूक होती, माझ्यावर शब्द निवडायचे नसतात. ती म्हणाली, "वर यू अँग्री विथ माय डॅडी?"

या वेळी काकांना सगळं समजलं. सुनेची सुई थांबली. काकूंना वाक्य कळलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळला आणि त्यांनी कंगवा खाली ठेवला. पाठ केलेलं उत्तर काकांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पोरगी वाट बघत होती. तिने आठवण करून दिली, "ओन्ली ट्रू, ग्रँडपा."

"येस," काका म्हणाले. एकदाच म्हणाले, आणि हसले नाहीत.

मग तुकड्यातुकड्याने बोलू लागले. "आय वॉज अँग्री. ही सेड, नो टॅप, नो पाइप. आय सेड, गो. ही वेंट." ज्या वाक्यासाठी त्यांनी माझ्या पोटात रबर घातलं होतं, ते असं गेलं बाहेर. पुढचं सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. कोपऱ्यातला पेपर त्यांनी उचलला आणि तोंडासमोर धरला. "ही... फोन. आय..." आणि पेपरच्या मागून आवाज येईना.

पोरीने पेपर बोटाने खाली वाकवला. तिच्या कपाळाला आठ्या होत्या. विचार करत होती. मग म्हणाली, "बट ही फिक्स्ड टॅप्स."

काकांना 'टॅप' समजलं, 'फिक्स्ड' समजलं नाही. कसं समजेल? तो शब्द माझ्यावर नाहीच. वेंट आहे, केम आहे, लॉस्ट आहे, फरगॉट आहे, आणि ज्या एका शब्दासाठी त्या घराचा जीव टांगणीला लागला होता तो सुताराने रंगवलाच नाही. आयुष्यात मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

"फिक्स्ड," ती पुन्हा म्हणाली. आजोबा नुसते बघत राहिले. तेव्हा माझ्याइतकीच वैतागून ती उठली, सिंकपाशी गेली, खालचं दार उघडलं आणि जमिनीवर पाठ टेकून डोकं आत घातलं. बाहेर तिचे दोन पाय उरले. मग तिचा उजवा हात बाहेर आला. तळवा वर आणि बोटं दोनदा मिटली, उघडली. तोंडाने काही मागणं नाही, बाहेर बघणं नाही.

"अगं बाई," काकू हळूच म्हणाल्या. "अहो, हे तुमचंच की. मोरीखाली शिरलात की तुम्ही असाच हात काढता. जन्मभर पाने देऊन देऊन मी थकले. हिला कुणी शिकवलं?"

सुनेने सुई खाली ठेवली होती. ती काकांना समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलली. "एव्हरी संडे. होल बिल्डिंग. ही फिक्स्ड एव्हरीवन्स टॅप."

काकांनी पेपर बाजूला ठेवला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले, पिशवीतून एक पाना काढला आणि त्या छोट्या तळहातावर ठेवला.

"नो," सिंकखालून आवाज आला. "द बिग वन. डॅडी सेड, ग्रँडपा ऑल्वेज टुक द बिग वन."

हे वाक्य काकांना एका दमात समजलं, मला विचारू नका कसं. त्यांनी मोठा पाना दिला. मग ते तिथेच जमिनीवर बसले, नातीच्या पायांशी, भिंतीला टेकून, आणि बोलायला लागले. ही फेल फ्रॉम द टँक. ही ब्रोक माय न्यू पाइप. ही एट सोप, ही वॉज स्मॉल. ही स्लेप्ट इन माय बॅग. सिंकखालून हसू येत होतं आणि पोरगी "अँड देन?" म्हणत होती. काकू मध्येच मराठीत दुरुस्त्या करत होत्या. ज्या घरात वर्षभर त्याचं नाव निघालं नव्हतं, तिथे संध्याकाळपर्यंत त्याच्याशिवाय दुसरा विषय निघाला नाही. मला टेबलावर विसरून गेले सगळे. आणि काकांचं इंग्रजी, मित्रांनो, काय सांगू? 'ही डिड ब्रोक' झालं, 'ही वेंटेड' झालं, निळ्याला लाल जोडून झालं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

आता तुम्हाला वाटत असेल की ही म्हातारी शेवटी म्हणणार, मला जपा, मला ऊन दाखवा, माझ्यावर पेले ठेवू नका. ठेवू नकाच. पण माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नसेल, कोणी फोन वाजला की पेपर उघडत असेल, तर आज जाऊन त्याच्या हातात फोन द्या. चुकत बोलू दे, भांडू दे, ओरडू दे. 'तू कसा आहेस' एवढं विचारलं तरी पुरे, पण ते वाक्य माझ्याकडे मागायला येऊ नका. इतकी वर्षं भिंतीवर लटकते आहे, मोठ्यातल्या मोठ्या माणसाने मला फिरवून पाहिलं आहे. माझ्यावर फक्त भूतकाळ आहे.